लेकरू कोणाच्या कडेवर होतं?

विलायतेच्या जुन्या मराठी डायऱ्या, पत्रं किंवा प्रवासवर्णनं वाचायला घ्याल तेव्हा एक प्रयोग करून पाहा. हातात पेन्सिल ठेवा आणि जिथे लहान मूल दिसेल तिथे समासात खूण करा. रस्त्यावरची गोरी पोरं मोजायची नाहीत. लिहिणाऱ्याच्या सोबत असलेलं, त्याचं स्वतःचं लेकरू मोजायचं. पूल येतील, संग्रहालयं येतील, धुकं येईल, पार्लमेंट येईल. पेन्सिल बहुतेक वेळा तशीच हातात राहील.

मी रसायनशास्त्राची, इतिहासाची नव्हे. तरी आजचा विषय इतिहासाचा घेतेय, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, कोर्सवर्कमधल्या 'संशोधन पद्धती'च्या पेपरात एक मुद्दा हमखास अडतो: माहिती नोंदवलेली नाही, म्हणजे ती गोष्ट घडलीच नाही का? हा मुद्दा समजून घ्यायला लहान लेकरासारखं दुसरं उदाहरण नाही. दुसरं कारण जास्त जवळचं. अमरावती आणि अकोल्याच्या ज्युनिअर मुली मला एक प्रश्न फार वेळा विचारतात: "ताई, लेकरू लहान आहे. अशात बाहेरची फेलोशिप भरावी का?" या प्रश्नाला 'हिंमत ठेव गं' असं उत्तर देणं सोपं आहे. पण आपण संशोधनाची तयारी करतोय, तर उत्तरही पुराव्यानं शोधू.

यंत्राला दिसत नाही ते

प्रयोगशाळेत आपण नमुन्यात शिसं तपासतो. रिपोर्टवर येतं, 'आढळले नाही'. याचा अर्थ शिसं नाही असा होत नाही. यंत्राच्या डिटेक्शन लिमिटच्या वर शिसं नाही, एवढाच होतो. ऐतिहासिक साधनांनाही अशीच मर्यादा असते. लिहिणाऱ्याला जे नोंदवण्याजोगं वाटलं तेच कागदावर आलं, बाकीचं मर्यादेखाली गेलं.

आपल्या वऱ्हाडाचंच घ्या. अमरावतीचे वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर १८९० मध्ये काँग्रेसच्या शिष्टमंडळातून इंग्लंडला गेले. अमरावतीचेच दादासाहेब खापर्डे १९०८ मध्ये टिळकांच्या खटल्याच्या कामासाठी लंडनला गेले आणि १९१० पर्यंत तिकडे होते. ते नियमानं डायरी लिहीत, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ते फार प्रिय. पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख १९२० मध्ये शिकायला गेले, एडिनबर्ग आणि ऑक्सफर्ड करून आले आणि वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर त्यांनी प्रबंध लिहिला. या तिघांबद्दल वाचताना आपण विचारतो: कोणाला भेटले, काय बोलले, काय शिकले. घरातलं लेकरू मागं कोणी सांभाळलं, हा प्रश्न मुधोळकर-खापर्ड्यांसारख्या कर्त्या पुरुषांच्या चरित्रात आपण विचारत नाही. आपला प्रश्न हेही एक यंत्रच आहे, आणि त्यालाही डिटेक्शन लिमिट असते.

शहर कोणाच्या मापाचं होतं

माणसांनी लिहिलं नसेल तर दुसरं साधन शोधायचं, ही संशोधनातली जुनी युक्ती. आपल्यासाठी ते साधन म्हणजे ते शहर. त्याचे नियम, पायऱ्या, गाड्या, शौचालयं. लेकरू घेऊन शहर बघायला निघालेल्या कोणत्याही बाईला विचारा, तिला आधी हेच दिसतं.

एकोणिसाव्या शतकातलं लंडन घ्या. शतकाच्या मध्याला ब्रिटिश म्युझियमचा नियम होता की ८ वर्षांखालच्या मुलांना आत सोडायचं नाही. आता हा एवढा एक नियम नीट वाचा. तो फक्त मुलांना बाहेर ठेवत नाही. दोन वर्षांच्या पोराला दारात सोडून कोणी आत जात नाही, म्हणजे ते पोर ज्याच्या कडेवर आहे त्यालाही तो बाहेर ठेवतो. नियमात 'आई' हा शब्द नाही, पण तो लागू होतो आईलाच.

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर लोकांनी फेरी मारली. तिथे जॉर्ज जेनिंग्ज या नळकाम करणाऱ्या कारागिरानं पैसे देऊन वापरायची शौचालयं बसवली आणि ८,२७,२८० लोकांनी एकेक पेनी देऊन ती वापरली. यंत्रं आणि कोहिनूर बघायला जमलेल्या गर्दीचा हा खरा भूगोल. इतिहासाच्या पुस्तकात कोहिनूर येतो, शौचालय येत नाही. पण लहान पोर घेऊन दिवसभर फिरणाऱ्या बाईला विचारलं, तर कोहिनूर चुकला तरी चालेल, दुसरं चुकून चालणार नाही, असंच ती सांगेल.

१० जानेवारी १८६३ ला लंडनची भुयारी रेल्वे सुरू झाली, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन. तेव्हा ती वाफेच्या इंजिनावर चालायची, म्हणजे बोगद्यात धूर. स्थानकात उतरायचं तर जिने. बाबागाड्या तेव्हा होत्या, पण जड, उंच चाकांच्या. बागेत सपाट रस्त्यावर फिरवायला ठीक, जिन्यावरून उचलून न्यायला नव्हे. आणि अशी गाडी ढकलायला घरात बहुतेक पगारी आया असायची. शहर मुलांना अगदीच विसरलं होतं असंही नाही. लंडनच्या प्राणीसंग्रहालयात जम्बो नावाचा आफ्रिकन हत्ती पोरांना पाठीवर बसवून फिरवायचा. १८८२ मध्ये तो अमेरिकेतल्या सर्कसवाल्या बार्नमला विकला, तेव्हा तो जाऊ नये म्हणून मुलांनी थेट राणीला पत्रं लिहिली. म्हणजे शहरात मुलांसाठी जागा होती, पण ठरावीक कुंपणाच्या आत आणि कोणा मोठ्याच्या हाताला धरून.

जहाजांचा हिशेब तर आणखी स्पष्ट. १८५५ च्या ब्रिटिश प्रवासी कायद्यात १ ते १२ वर्षांची दोन मुलं मिळून एक प्रौढ धरत. एक वर्षाखालचं बाळ मोजणीतच नाही. जागा आणि शिधा ठरवायला हे सोयीचं होतं. पण आईच्या बाजूनं बघा: कायद्याच्या भाषेत अर्धा माणूस, पण सांभाळायला दोन माणसांएवढा.

तारखेसमोर वय लिहा

आता अशा देशात एक मराठी बाई लेकरू घेऊन उतरते.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्हाला माहीत आहे. त्यांची टिपणं काढताना बहुतेक विद्यार्थी असं लिहितात: १८७८ कलकत्ता, 'पंडिता' आणि 'सरस्वती' पदव्या. १८८२ पुणे, आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढे साक्ष, 'स्त्रीधर्मनीति' पुस्तक. १८८३ इंग्लंड. १८८६ अमेरिका. १८८९ मुंबईत शारदा सदन. यादी बरोबर आहे. आता तिच्या शेजारी एक रकाना वाढवा. मुलगी मनोरमा, जन्म १६ एप्रिल १८८१. प्रत्येक तारखेसमोर तिचं वय लिहा.

फेब्रुवारी १८८२: पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्यानं गेले. मनोरमा १० महिन्यांची. आई-वडील आणि भाऊ आधीच गेलेले, माहेर असं उरलेलं नाही.

१८८२, पुणे: व्याख्यानं, साक्ष, पुस्तक. मनोरमा एक-सव्वा वर्षाची. म्हणजे चालायला शिकण्याचं वय.

२० एप्रिल १८८३, मुंबईहून जहाज. मनोरमाला दोन वर्षं पूर्ण होऊन चार दिवस झालेले. रमाबाईंना पंचवीस पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी.

फेब्रुवारी १८८६, लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाकडे, डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. मनोरमा पावणेपाच वर्षांची.

११ मार्च १८८९, शारदा सदनाची स्थापना. मनोरमा आठव्या वर्षाला टेकलेली.

एक रकाना वाढवला आणि प्रश्नच बदलले की नाही? आधीचा प्रश्न होता, 'रमाबाई इंग्लंडला का गेल्या?' त्याचं उत्तर माहीत आहे: डॉक्टर व्हायचं होतं, प्रवासाचे पैसे 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून उभे केले. पुढे कानांनी दगा दिला, ऐकू कमी येऊ लागलं आणि वैद्यकीय शिक्षणाचा रस्ता बंद झाला. नवा प्रश्न असा: 'दोन वर्षांच्या मुलीला घेऊन त्या जाऊ कशा शकल्या?' आणि हा प्रश्न विचारला की आजवर तळटीपेत असलेली माणसं वर येतात.

पहिलं नाव आनंदीबाई भगत यांचं. रमाबाईंबरोबर त्याच जहाजानं गेलेल्या त्यांच्या मैत्रीण. परक्या समुद्रावर, परक्या देशात आपली भाषा बोलणारं दुसरं माणूस सोबत असणं म्हणजे काय, हे लेकरू घेऊन फिरणाऱ्यालाच कळतं. कोणी तरी पाच मिनिटं धरायला हवं, एवढी साधी गरज असते. इंग्लंडला पोचल्यावर काही महिन्यांतच आनंदीबाईंनी आत्महत्या केली. चरित्रांत ही घटना दोन ओळींत उरकते. वयाच्या रकान्यासकट वाचलं तर दिसतं की अडीच वर्षांच्या पोरीच्या आईचा त्या देशातला एकमेव आपला माणूस गेला. त्याच सप्टेंबरात, २९ तारखेला, रमाबाईंनी आणि मनोरमानं बाप्तिस्मा घेतला. त्यामागची कारणं अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिली आहेत. मी इथे एवढंच म्हणते की त्या वर्षाचा विचार करताना लेकराचं वय बाजूला ठेवता येत नाही.

दुसरी माणसं म्हणजे ऑक्सफर्डजवळच्या वॉण्टेज गावातल्या मठाच्या सिस्टर्स, त्यातही सिस्टर जेराल्डिन. त्यांच्या आधारावर रमाबाई पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकल्या आणि तिथे संस्कृत शिकवूही लागल्या. मनोरमाचं बघायला सिस्टर्स होत्या. पत्रांत जेराल्डिनबाईंना काय म्हटलंय माहितेय? 'आजीबाई'. हाक अगदी घरातली. आणि आजीबाई म्हटलं की आजीबाईंचा अधिकारही आला. मनोरमाला काय शिकवायचं, धर्माचं कसं सांगायचं, ती हिंदुस्थानी म्हणून वाढणार की इंग्रज मुलगी म्हणून, यावरून दोघींच्यात पत्रापत्री झाली, आणि ती कडक आहे. रमाबाईंचं म्हणणं होतं की मुलीबद्दलचा निर्णय माझा. सिस्टर्सचं म्हणणं होतं की आम्ही सांभाळतो, तर आम्हालाही कर्तव्य आहे. अमेरिकेत व्याख्यानांचा दौरा वाढला तेव्हा काही महिन्यांनी मनोरमाला परत इंग्लंडला, याच आजीबाईंकडे पाठवावं लागलं. भांडण होतं त्यांच्याकडेच. कारण दुसरं दार नव्हतं.

या सगळ्याचा एका ओळीत अर्थ लावायचा तर मी असा लावते: लेकरू ज्याच्या कडेवर, त्याला वाटेबद्दल बोलायचा हक्क हवा असतो. सांभाळणं फुकट मिळत नाही. पैसे घेतले नाहीत तरी त्याची किंमत अधिकारात चुकवावी लागते. रमाबाई आणि जेराल्डिन यांच्यात कोण बरोबर, हे ठरवायला मी हा लेख लिहीत नाही. दोघींचंही त्या पोरीवर प्रेम होतं, हे पत्रांत दिसतं. वाद होता तो अटींचा, आणि अटी आधी ठरल्या नव्हत्या.

ही पत्रं कोणी जपली?

थांबा, निष्कर्षावर उडी मारण्याआधी साधन तपासायचं. रमाबाईंचा हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपानं आला. पण तो गोळा करून, लावून ठेवला होता खुद्द सिस्टर जेराल्डिन यांनी. म्हणजे वादातल्या एका पक्षानं फाईल जपली, आणि आपण त्या फाईलवरून वाद वाचतोय. याचा अर्थ फाईल खोटी असा नाही. आपल्याकडे नमुना कोणी गोळा केला, कशात साठवला, हे जसं लिहून ठेवतो तसंच हे. गंमत बघा, आजीबाईंनी जपून ठेवलं म्हणूनच रमाबाईंचा विरोध इतक्या ठसठशीतपणे आपल्यापर्यंत आला.

आणि साधन तपासताना माणसाचं स्वतःचं बालपणही बघायचं. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, गंगामूळच्या डोंगरावरचं बिऱ्हाड मोडलं. बाळाला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून खाली आणलं. पुढची कितीतरी वर्षं हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पायी फिरत राहिलं. लेकरू घेऊन गर्दीच्या गावात जायचं, मुक्काम करायचं, पुढं निघायचं, हे रमाबाईंना विलायतेनं शिकवलं नाही. त्या अंगवळणी पडलेलं घेऊनच गेल्या होत्या. आपल्याकडेही बघा ना. बहिरमच्या यात्रेत, नवरात्रात अंबादेवीच्या गर्दीत, अकोल्याच्या कावड यात्रेत बापाच्या खांद्यावर पोर असतंच. लेकरू आहे म्हणून यात्रेला न जाणं आपल्याला सुचत नाही. काका, मावशी, शेजारीण, कोणी तरी धरतं. विलायतेत नेमकी हीच गोष्ट सोबत नेता येत नाही.

खांदे आणि चाकं

तिथे खांद्यांची जागा चाकांनी घेतली. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश वैमानिक अभियंता. स्पिटफायर या लढाऊ विमानाची दुमडणारी चाकं ज्यांच्या हाताखालून गेली, त्यांतले एक. परदेशाहून आलेल्या मुलीला नातवंडाची अवजड गाडी ओढताना पाहून त्यांनी हलक्या नळ्यांची, दुमडून काखेत मारता येणारी बाबागाडी बनवली आणि १९६५ मध्ये तिचं पेटंट मागितलं. विमानाची चाकं दुमडतात त्याच डोक्यानं. एका हातानं पोर, दुसऱ्या हातानं गाडी, आणि आई जिना चढू शकते. शहर बघायला मिळण्याच्या दृष्टीनं हा शोध एखाद्या पुलापेक्षा लहान नाही. तरीही आज लंडनच्या भुयारी रेल्वेच्या २७२ स्थानकांपैकी साधारण एक तृतीयांश स्थानकांवरच पायरी न चढता रस्त्यावरून फलाटापर्यंत जाता येतं. बाकीकडे अजूनही कोणी तरी गाडीचं पुढचं टोक धरायला लागतं.

ते 'कोणी तरी' आता कोण असतं, तुम्हाला माहीत आहे. आजी. या वेळी खरी आजी. अकोला-अमरावतीकडून सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाला, नाही तर तिची पोस्टडॉक सुरू आहे म्हणून, मेथीचे आणि डिंकाचे लाडू घेऊन निघालेली. ब्रिटनचा साधा पाहुण्याचा व्हिसा सहा महिन्यांचा, युरोपातल्या शेंगेन देशांचा १८० दिवसांत ९० दिवसांचा. म्हणजे प्रयोगाचं वेळापत्रक आजीच्या व्हिसावर बेतायचं. ती आजी आयफेल टॉवर बघते, पण बाबागाडीच्या दांड्यावर हात ठेवून. मागच्या शतकातली डायरीवाली मंडळी बघायची त्यापेक्षा हे शहर फार वेगळं असतं. कुठं रस्त्याला उतार आहे, कुठल्या बागेत नळ आहे, कुठल्या दुकानात पोराला बदलायची जागा आहे, हे तिला पाठ असतं. हे कुठेच लिहिलं जात नाही. आपल्या काळाची डिटेक्शन लिमिट ही अशी.

मग फॉर्म भरायचा का?

ज्युनिअर मैत्रिणींनो, आता तुमच्या प्रश्नाकडे येते. भरायचा. पण 'कसं जमेल' हा प्रश्न धैर्याच्या खात्यातून काढून हिशेबाच्या खात्यात टाका. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी फेलोशिपमध्ये कुटुंबासाठी वेगळा भत्ता आहे. जर्मनीच्या डाडच्या अनेक शिष्यवृत्त्यांत मुलांसाठी रक्कम मागता येते. जाहिरातीत हा भाग खाली, बारीक अक्षरात असतो. तो आधी वाचा. आणि जो कोणी लेकरू सांभाळणार आहे, आई, सासू, नवरा, मैत्रीण, पाळणाघर, त्याच्याशी निघायच्या आधी बोला: किती महिने, कोणत्या गोष्टीत निर्णय कोणाचा, जमलं नाही तर दुसरं दार कोणतं. हा सल्ला मुलींइतकाच मुलांनाही आहे. लेकराचे बाप होऊन फॉर्म भरणाऱ्यांनी हा रकाना रिकामा सोडला तर तो आपोआप भरत नाही, दुसरं कोणी तरी भरतं.

आणि ज्यांना या विषयावर छोटा प्रकल्प करायचा आहे त्यांच्यासाठी काम असं. आपल्या गल्लीत परदेशी जाऊन नातवंड सांभाळून आलेली एक तरी आजी सापडेल. आधी परवानगी घ्या, नाव बदलायचं कबूल करा, मग विचारा: सकाळी घरातून निघताना पिशवीत काय काय असायचं? कुठे बसायचात? कुठल्या जागी आत जाता आलं नाही? शहरातलं काय बघायचं राहून गेलं? 'लंडन कसं वाटलं' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'छान होतं' एवढंच येतं. पिशवीबद्दल विचारा. तासभर बोलतील.